गरोदरपणात मशेरी, विडी, माडी सोडवायची कशी: विचारण्यापासून बाळंतपणानंतरपर्यंत, क्रमानं

मी देवगडच्या बाजूला गावपातळीवर आरोग्याचं काम करते, बरीच वर्षं झाली. हे लिहायला बसले कारण गरोदर बाईला तंबाखू-दारूबद्दल विचारायची आणि ती सोडवायची जी पद्धत आपल्याकडे चालते ती जवळजवळ सगळी उलटी आहे. आणि ती चूक मी स्वतः केलेली आहे. एका बाईचं तिसरं मूल एक किलो नऊशे ग्रॅमचं झालं आणि माझ्याच वहीत, माझ्याच अक्षरात, तिच्या नावापुढे "व्यसन नाही" लिहिलेलं होतं. नंतर तिच्या घरी गेले तर ती चुलीवर तव्यात मशेरी, म्हणजे दातांना लावायची तंबाखू, भाजत होती. मी म्हटलं, अगो तू तंबाखू खात नाही म्हणालेलीस ना, तर ती म्हणाली, "मी खंय खातंय तंबाखू? दातांक जरा मशेरी लावतंय, ती काय तंबाखू?" ती खोटं बोलली नव्हती, माझा प्रश्नच चुकला होता.

दुसरी चूक ह्याच्या बरोबर उलट. चिऱ्याच्या खाणीवर विजापूरकडून आलेली बाई, आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी जोडप्यातली बाई, ट्रॉलरवरच्या खलाशाची बायको, वीटभट्टीवरची कातकरी बाई, ह्यांना आपण पहिलाच प्रश्न दारूचा विचारतो, तोही चारचौघांत. आणि इथल्या बाईला दारूचं विचारतच नाही कारण "आमच्यात बायका पीत नाहीत". मग होतं काय, बाहेरची बाई दुसऱ्यांदा तपासणीला येत नाही, आणि इथलीची मशेरी, कुणाची सकाळची माडी (माडाची ताडी), मुंबईहून बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीचा शनिवारचा वाईनचा ग्लास, हे कुठेच नोंदलं जात नाही. बाहेरच्या देशांतसुद्धा हे मोजून झालंय, ब्रिटनमध्ये हजारो आयांचा अभ्यास झाला तेव्हा बाहेरून आलेल्या समाजांतल्या बायका गरोदरपणात तिथल्या गोऱ्या बायकांपेक्षा कमी सिगारेट ओढत होत्या, आणि जितकी जास्त वर्षं तिथे काढली तितकं त्यांचं ओढणं वाढत गेलं. म्हणजे बाई कुठून आली त्यावरून काहीच ठरवू नका. प्रत्येकीला तेच प्रश्न, त्याच क्रमानं.

हे आशाताई, अंगणवाडीताईंसाठी आहे, पण सासू, नणंद, बागायतदाराच्या घरची बाई किंवा स्वतः गरोदर असलेली कुणीही ह्यावरून करू शकते.

टप्पा १: विचारायच्या आधीची तयारी

जागा आणि वेळ आधी ठरवा. बाई एकटी असली पाहिजे. सासू शेजारी बसलेली असताना सून मशेरीचं खरं सांगेल पण माडीचं नाही, आणि नवरा असताना दोन्ही नाही. इथल्या घरात दुपारी जेवणं आटपल्यावर, सासू जरा पडते तेव्हा बरं पडतं. खाणीवर किंवा भट्टीवर कामाच्या वेळी जाऊ नका, रोज बुडतो आणि मुकादम बघत असतो, संध्याकाळी पाणी भरायच्या वेळेला जा. बंदरावर नवरा समुद्रात असताना जा.

भाषा येत नसेल तर दुभाषी लागतो, आणि इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. मुकादमाला मध्ये घेऊ नका, आणि तिच्या दहा-बारा वर्षांच्या मुलीलाही नाही. मुकादम तिचं उत्तर स्वतःच देतो, आणि मुलीसमोर कुठली आई सांगेल? त्याच वस्तीतली एखादी मोठी बाई, गरोदर बाईला विचारून, किंवा फोनवर कन्नड-हिंदी येणारी एखादी ओळखीची बाई चालते.

शब्द पाठ करून जा. नुसतं "तंबाखू" म्हटलं की निम्म्या गोष्टी सुटतात:

- आपल्याकडे: मशेरी, तपकीर, पानातली तंबाखू, चुना-तंबाखूची चिमूट, मावा, गुटखा, विडी
- कन्नड बोलणाऱ्यांकडे: होगेसोप्पु म्हणजे तंबाखू, कड्डीपुडी म्हणजे तंबाखूची पूड, एले-अडिके म्हणजे पान-सुपारी
- हिंदी आणि नेपाळी बोलणाऱ्यांकडे: सुर्ती, खैनी, गुल. नेपाळीत चुरोट म्हणजे सिगारेट, रक्सी आणि जाँड म्हणजे घरी केलेली दारू

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पुड्या तरी मिळतातच, त्यामुळे बाई नाव घ्यायला घाबरते. तिला आधीच सांगून टाका की पोलिसांचा ह्यात काही संबंध नाही, हे बाळाच्या वजनासाठी विचारतेय.

तपासा: बाई एकटी आहे? घाईत नाही ना? तिच्या भाषेतले शब्द तुम्हाला येतात? एकाचंही उत्तर नाही असेल तर आज वजन-बीपी बघून परत या, प्रश्न पुढच्या वेळी.

टप्पा २: विचारायचा क्रम

क्रम बदलू नका, ह्या क्रमालाच सगळं महत्त्व आहे.

१. आधी खाणं, उलट्या, झोप, संडास. पाच मिनिटं नुसतं हेच. संडास साफ होते का हा प्रश्न विसरू नका, तो पुढे कामाला येतो.

२. मग, "दात कशानं घासता?" हा प्रश्न म्हणजे किल्ली आहे. कुणी लपवत नाही कारण लपवायचं असं काही वाटतच नाही. "दिवसातून किती वेळा?" असं लगेच विचारा. दात कुणी चार वेळा घासत नाही, पण मशेरी चार-पाच वेळा लावतात आणि लावून पंधरा-वीस मिनिटं तोंडात ठेवून बसतात.

३. "पान खाता? त्यात काय काय घालता?" तंबाखू तिलाच सांगू द्या.

४. "घरात विडी-सिगारेट कोण ओढतं? कुठे बसून ओढतं?" इथे बहुतेक वेळा नवऱ्याचं नाव येतं, आणि कधीकधी हसत हसत "मी पण एखादी" असं येतं. आपल्या राज्यात तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये धूर काढणाऱ्या फार थोड्या आहेत, बाकी सगळा कारभार तोंडात ठेवायचा, पण ज्या ओढतात त्यांना हा प्रश्न सरळ विचारला तर नाहीच म्हणतात.

५. दारूचं तंबाखूचं सगळं विचारून झाल्यावर, आणि आधी मागचं, मग आत्ताचं. "पाळी चुकली त्याच्या आधीच्या महिन्यात माडी, गावठी, बिअर, वाईन असं काही घेणं व्हायचं का?" मग, "किती दिवसांनी? किती?" आणि त्यानंतर, "आणि आता?" मागचं सांगताना लाज कमी वाटते, एकदा मागचं बोललं की आत्ताचं निघतं.

६. "टॉनिक, आसव, अरिष्ट, खोकल्याचं औषध काय चालू आहे?" द्राक्षासव, दशमूलारिष्ट ह्यांत आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोल असतो, बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. कुणी वाईट हेतूनं देत नाही, ताकद यावी म्हणून आई देते, पण पोटुशी असताना डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय घेऊ नये.

नेहमीच्या चुका: "तुम्ही तंबाखू खात नाही ना?" असं विचारणं. उत्तर आपणच देऊन ठेवलं. दुसरी, उत्तर ऐकून "अरे देवा" म्हणणं किंवा तोंड वाकडं करणं, त्यानंतर ती बाई तुमच्याशी कधीच खरं बोलणार नाही. तिसरी, लिहिताना वही तिच्यासमोर उघडी ठेवून मोठ्यानं वाचणं. आणि लिहायचं तर "व्यसन आहे" असं लिहू नका, "मशेरी, दिवसाला ५ वेळा" असं लिहा, म्हणजे पुढच्या महिन्यात ३ झाले तर ते कळतं.

स्वतःसाठी वाचत असाल तर हेच सहा प्रश्न कागदावर खऱ्या आकड्यांसकट लिहून काढा.

टप्पा ३: मोजा आणि रस्ता ठरवा

आता तुमच्याकडे आकडे आहेत. त्यावरून तीन रस्ते निघतात, चुकीच्या रस्त्यावर टाकलं तर जीवावर बेतू शकतं म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

अ) फक्त तंबाखू, कुठल्याही रूपात: टप्पा ४ पासून पुढे जा.

आ) दारू अधूनमधून, म्हणजे बाजाराच्या दिवशी, सणाला, पार्टीला: आजपासून बंद. कमी करत जायची गरज नाही. टप्पा ७ वाचा.

इ) दारू रोज, आणि सकाळी उठल्यावर हात थरथरणं, घाम, मळमळ, घोटभर घेतल्यावर बरं वाटणं: हिला घरी एकदम दारू बंद करायला सांगू नका. रोजची जास्त दारू अचानक थांबली की सहा-आठ तासांनंतर त्रास सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊ शकतो, आणि पोटातल्या बाळालाही धोका असतो. हिला दवाखान्यात भरती करून औषधांखालीच सोडवायचं. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात घेऊन जा, सोबत जा. मी हे इतकं ठासून सांगते कारण चांगल्या मनानं लोक बाईला खोलीत कोंडून "चार दिवस तडफडेल मग सुटेल" असं करतात.

तपासा: हात पुढे करायला सांगा, बोटं पसरून. थरथरतात का? शेवटचं कधी घेतलं? आज सकाळी म्हणाली तर रस्ता इ.

टप्पा ४: ती का घेते ते शोधा

हा टप्पा सगळे सोडून देतात आणि म्हणूनच सगळं फसतं. "बाळाला वाईट आहे" हे सांगून मशेरी सुटली असती तर आतापर्यंत कोकणात कुणीच लावली नसती. प्रत्येकीचं एक कारण असतं आणि ते बहुतेक वेळा शरीराचंच असतं.

संडास: सगळ्यात मोठं कारण हेच. "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." हे खरं आहे, निकोटिननं आतड्यांची हालचाल वाढते आणि शरीराला त्याची सवय लागते. त्यात गरोदरपणात पोट तसंही जड राहतं, लोहाच्या गोळ्यांनी अजून घट्ट होतं, मग ती मशेरी एक वेळ वाढवते. म्हणून मशेरी बंद करायच्या आधी आठवडाभर हे सुरू करा: उठल्याउठल्या दोन ग्लास कोमट पाणी, रोज एक पालेभाजी, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, थोडं चालणं, आणि ठरलेल्या वेळी संडासला बसणं. तरीही नाही झालं तर डॉक्टरांकडून गरोदरपणात चालणारं औषध घ्या, एरंडेल घरच्या घरी देऊ नका. लोहाची गोळी मात्र बंद करायची नाही, हे दोनदा सांगा, कारण ती सोडणं सगळ्यांना सोपं वाटतं.

मळमळ आणि तोंडाला पाणी सुटणं: पहिल्या तीन महिन्यांत ह्यासाठीच बायका नव्यानं सुरू करतात, शेजारीण देते. अंथरुणातून उठायच्या आधी कोरडी भाकरी किंवा बिस्कीट, थोडं थोडं पण सारखं खाणं, आल्याचा तुकडा, कोकम सरबत पातळ करून. उलट्या थांबतच नसतील, लघवी कमी झाली असेल तर सरळ दवाखाना.

हिरड्या आणि दात: गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येतं, मशेरीनं बधिर झाल्यासारखं बरं वाटतं. मऊ ब्रश, साधी पेस्ट, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. दात किडलेला असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जा, गरोदरपणात दाताचे उपचार होतात, पोटात बाळ आहे हे फक्त आधी सांगायचं.

भूक आणि थकवा: हे बाहेरून कामाला आलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि त्यांचा ह्यात दोष काय? चिरे वाहताना, विटा थापताना दुपारपर्यंत पोटात काही नसतं, तंबाखूची चिमूट धरली की भूक मरते. तिला तंबाखू सोड म्हणायच्या आधी दहा वाजता तिच्या पोटात काय जाईल ते बघा. जवळच्या अंगणवाडीत नाव घाला, ती बाहेरगावची आहे म्हणून आहार नाकारायचा नसतो. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवायला सांगा.

थंडी, अंगदुखी, झोप: पौषात बागेतल्या झोपडीत राहणाऱ्या बाईला रात्री गारठा लागतो, म्हणून घोटभर रक्सी. तिला एक जाड घोंगडी मिळाली तर अर्धं काम होतं. बागायतदारांनो, हे तुमच्याकडे बघून लिहितेय.

तपासा: कारण तिच्या तोंडून आलं का, की तुम्ही अंदाजानं लिहिलं? तिनं सांगितलेलंच धरा.

टप्पा ५: तारीख आणि घर

तंबाखू सोडायची तारीख दोन आठवड्यांच्या आतली ठरवा, त्यापेक्षा लांबवली की ती येतच नाही. तारीख निवडायचा एक साधा मार्ग म्हणजे आठवडा बाजार. बहुतेक बायका बाजाराच्या दिवशी आठवड्याची तंबाखू आणतात, मग बाजाराच्या आदल्या दिवशी जुनी संपते, दुसऱ्या दिवशी नवी आणायची नाही. बाजाराला तिला एकटीला पाठवू नका.

एकदम बंद करणं जमलं तर उत्तमच. नाही जमत असेल तर वेळा कमी करा: आधी दुपारची जाऊ दे, मग रात्रीची, मग संध्याकाळची, सकाळची शेवटी, कारण ती सगळ्यात अवघड. पण हे सगळं आठ-दहा दिवसांत संपलं पाहिजे. "दिवसाला एकदाच लावते" ह्यावर थांबू नका.

आदल्या दिवशी घर साफ करा. मशेरीचा डबा, तपकिरीची डबी, उशीखालची पुडी. आणि मशेरी भाजणं घरात बंद. सासूची मशेरी सुनेनं भाजायची असं घरोघरी चालतं, तो धूर छातीत जातो, वास आला की तल्लफ येते. सासूला सोडायची नसेल तर तिनं बाहेर जाऊन, दुसऱ्या कुणाकडून भाजून घ्यावी, पण सुनेकडून नाही.

नेहमीच्या चुका, आणि ह्या फार होतात: मशेरी सोडून तपकीर, गुल किंवा लाल-काळं मंजन सुरू करणं, मंजनाच्या डबीत काय आहे ते कोणालाच माहीत नसतं. तंबाखू काढून नुसती सुपारी चघळणं. आपल्याकडे सुपारी मंगलकार्यातली म्हणून तिच्यात काही वावगं वाटत नाही, पण सुपारी स्वतःच व्यसन लावते, कॅन्सर करते आणि गरोदरपणातही चांगली नाही. तोंडात काहीतरी हवंच असेल तर बडीशेप, ओवा चिमूटभर, लवंग, खोबऱ्याचा तुकडा. आणि निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम मेडिकलमधून स्वतः आणू नका, गरोदरपणात ते डॉक्टर ठरवतील.

टप्पा ६: पहिले तीन दिवस, मग तीन आठवडे

दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो. डोकं दुखतं, चिडचिड, रडू येतं, संडास अडते, झोप येत नाही. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटतं की मशेरी सोडल्यानं बाळाला काहीतरी झालं, आणि घरचे म्हणतात "लाव बाय जराशी, बाळाक त्रास नको". बाळाला त्रास सोडण्यानं होत नाही. तंबाखू आत असताना नाळेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, बाळाला रक्त आणि प्राणवायू कमी पोचतो, आणि विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड उरलेला प्राणवायूही अडवतो. हे थांबतं ते सोडल्यावरच.

तल्लफ पाच-दहा मिनिटांची असते. त्या दहा मिनिटांसाठी काय करायचं ते आधी ठरवा: उठून पाणी पिणं, दीर्घ श्वास, माहेरी फोन, परड्यात एक फेरी. मशेरी लावून उंबऱ्यावर बसायची जी ठरलेली जागा असते ना, तिथे आठ दिवस बसूच नका. ऐकायला किरकोळ वाटतं पण माझ्या बघण्यात ह्याचा फार उपयोग झालाय.

फोनवर मदत हवी तर तंबाखू सोडण्याची सरकारी लाइन १८००-११-२३५६, फुकट आहे, नंबर तंबाखूच्या पाकिटांवरच छापलेला असतो. सुट्टी तंबाखू घेणाऱ्या बाईला तो दिसत नाही म्हणून तिच्या फोनमध्ये घालून द्या.

एखाद्या दिवशी लावलीच तर? दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत. तिनं सांगितलं ह्याचंच कौतुक करा. इथे रागावलात तर पुढची लपून लावली जाईल.

घरचे "एवढ्याशा मशेरीनं काय होतंय, आमची पाच झाली" म्हणतात, त्यांना मी मुंबईचा आकडा सांगते. १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ मध्ये छापून आला, त्यात मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि सहा दिवस आधी जन्मली, आणि खूप लवकर जन्मणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यांच्यात बरंच जास्त होतं. १०५ ग्रॅम ऐकून लोक म्हणतात त्यात काय, पण ती सरासरी आहे. अडीच किलोच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं धरतात, आणि आपल्या बायकांची बाळं आधीच त्या रेषेजवळ असतात. सातवा-आठवा लागला म्हणून आता काय उपयोग, असं कुणी म्हणालं तर ते चूक, शेवटच्या महिन्यांतच बाळाचं वजन सगळ्यात जास्त भरतं.

तपासा: तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी भेट किंवा फोन. तिसऱ्या दिवसाची भेट चुकवू नका.

टप्पा ७: दारू

दारूला गरोदरपणात सुरक्षित असं माप नाही आणि सुरक्षित असा महिनाही नाही. आईच्या रक्तातून ती सरळ बाळाकडे जाते, आणि बाळाचं लिव्हर तयार झालेलं नसतं म्हणून तिथे जास्त वेळ रेंगाळते. पुढे मुलाच्या मेंदूवर, वाढीवर, शाळेतल्या लक्ष लागण्यावर कायमचा परिणाम होऊ शकतो.

ह्यात आपल्याकडचे गैरसमज असे. सकाळची गोड माडी म्हणजे दारू नाही, थंड असते, असं म्हणतात. माडी झाडावरच्या मडक्यातच आंबायला लागते, दुपारपर्यंत तर चांगलीच चढते. मडक्याला आतून चुना लावून काढलेली नीरा वेगळी, पण समोर आलेल्या भांड्यात काय आहे हे पिणाऱ्याला कळत नाही, म्हणून नऊ महिने दोन्ही नको, शहाळं घ्या. काजूची गावठी "घरची, शुद्ध" म्हणून चालत नाही, शुद्ध दारू म्हणजे जास्त दारू. बिअर-वाईन हलकी म्हणून चालत नाही, एका बिअरच्या बाटलीतला अल्कोहोल पेगापेक्षा कमी नसतो.

आणि हे नीट वाचा: पोटुशी असल्याचं कळायच्या आधी घेतली असेल तर घाबरून जाऊ नका, त्या कारणानं स्वतःहून गोळ्या खाऊन मूल पाडायला तर अजिबात जाऊ नका. डॉक्टरांना कधी, किती ते सांगा, सोनोग्राफी वेळेवर करा, आजपासून बंद करा. एका मुलीनं भीतीनं मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या होत्या आणि रक्तस्रावानं मरता मरता वाचली, तिला कुणीतरी आधी एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं.

दारूमागे मार, भांडण, एकटेपण असेल, आणि बऱ्याचदा असतंच, तर टेली-मानस ह्या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी लाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

टप्पा ८: नवरा, सासू, मुकादम

नवऱ्याला एकच गोष्ट सांगायची, विडी घराबाहेर आणि ओढून आल्यावर हात-तोंड धुवून आत. "तू पण सोड" हे त्याच दिवशी सांगू नका, दोन भांडणं एकदम नकोत. खाणीवरच्या पत्र्याच्या खोलीत खिडकी नसते, तिथे एकानं ओढली की सगळ्यांनी ओढल्यासारखी.

मुकादमाला किंवा मालकाला व्यसनाबद्दल काहीही सांगायचं नाही. त्याला एवढंच सांगा की बाई गरोदर आहे, जड उचलणं बंद, तपासणीला महिन्याला एक दिवस सोडायचं. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तो दिवस आधीच ठरवून घ्या.

टप्पा ९: गाव बदलताना

इथे मधेच सगळं तुटतं. बाहेरून आलेले बहुतेक दिवाळीनंतर येतात आणि मे अखेरीस, पावसाच्या तोंडावर परत जातात, जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून खलाशीही जातात. म्हणजे सातवा महिना इथे आणि बाळंतपण तिकडे. जायच्या पंधरा दिवस आधी तपासणीचं कार्ड तिच्या हातात, फोनमध्ये कार्डाचा फोटो, लोहाच्या गोळ्या महिनाभराच्या, आणि तिकडच्या आशाचा नंबर मिळाला तर मिळवा. कार्डावर तंबाखू-दारूचं लिहायचं की नाही हे तिला विचारा, घरात ते कोण वाचतं हे तिलाच माहीत. प्रवासात गाडीत तासन्‌तास बसून सगळे पुडी काढतात, बडीशेपेची पुडी तिच्या पिशवीत आधी जाऊ दे.

इथल्या मुलींचं उलटं. सासरी सोडलेली मशेरी माहेरी आई देते, लाडानं. सातव्यात माहेरी जायच्या आधी आईला फोन करून सांगा.

वाटेत किंवा कधीही अंगावरून रक्त गेलं, पोट दगडासारखं घट्ट झालं, बाळाची हालचाल कमी वाटली तर १०८ किंवा १०२, थांबू नका.

टप्पा १०: बाळंतपणानंतर

सोडलेल्यांपैकी बऱ्याच जणी इथे परत सुरू करतात, कारण सगळ्यांना वाटतं बाळ झालं, काम झालं. निकोटिन आणि दारू दोन्ही अंगावरच्या दुधातून जातात. बाळंतिणीला अंग भरून यावं म्हणून ब्रँडी, कुठे घरची दारू, सर्दी झाली म्हणून बाळाच्या जिभेवर ब्रँडीचा थेंब, छातीला ब्रँडी चोळणं, हे सगळं बंद. बाळाला थेंबभरसुद्धा नाही. दारू घेतलेल्या किंवा विडी ओढणाऱ्या माणसानं बाळाला कुशीत घेऊन झोपू नये, मग तो बाप असो की आजी. पण तिची मशेरी परत सुरू झाली म्हणून अंगावर पाजणं सोडायला लावू नका, पाजणं चालू ठेवा आणि मशेरी परत सोडवायला टप्पा ४ पासून सुरू करा, ह्या वेळी कारण बहुतेक झोपमोड आणि पाठदुखी असेल.

दीड महिन्याचं बाळ झालं की लस असते. त्या दिवशी बाळाचं वजन झाल्यावर आईला बाजूला घ्या आणि परत तोच प्रश्न विचारा, दात कशानं घासतेस.